पेशीपासून माणसापर्यंत : डायक्लोरोॲसिटेट आणि मेंदूच्या गाठीवरील संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

जानेवारी २००७ मध्ये कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठाच्या एका संशोधक गटाने कर्करोगाच्या पेशींवरील प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. ज्या द्रव्यावर हे प्रयोग झाले ते अत्यंत साधे, जुने आणि स्वस्त होते. त्याचे नाव डायक्लोरोॲसिटेट, संक्षेपाने डीसीए. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच जगभरातील वृत्तपत्रांनी ही बातमी उचलली. एका नामांकित इंग्रजी विज्ञान साप्ताहिकाने तर ‘स्वस्त व सुरक्षित औषध बहुतेक कर्करोगांना मारते’ अशा अर्थाचा मथळा दिला. पुढे ही बातमी वारंवार नव्याने पसरत राहिली. २०११ मध्ये ती समाजमाध्यमांतून जणू कालचीच घटना असावी अशी फिरली. आजही ‘औषध सापडले आहे, पण कंपन्यांनी दडपून ठेवले आहे’ असे सांगणारे लोक भेटतात, आणि महाविद्यालयातील विद्यार्थीही हा प्रश्न शिक्षकांना विचारतात.

प्रस्तुत लेखक रसायनशास्त्राचा नव्हे, भाषेचा अध्यापक आहे. तथापि या इतिहासात भाषेचा भाग मोठा आहे. ‘मारते’ या क्रियापदाचे कर्म प्रत्येक टप्प्यावर बदलत गेले आहे. आधी काचेच्या बशीतील पेशी, मग उंदरातील गाठ, मग रुग्णातील रोग. शास्त्रज्ञांनी पहिल्या दोन वाक्यांपुरतेच पुरावे दिले होते, मथळ्याने मात्र तिसरे वाक्य उच्चारले. या तीन वाक्यांमधील अंतर किती आहे आणि ते कापण्याचा प्रयत्न कसकसा झाला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

द्रव्याची ओळख

आपल्या स्वयंपाकघरातील सिरक्याला आंबटपणा येतो तो ॲसिटिक आम्लामुळे. या आम्लाच्या रेणूत एका कार्बनला हायड्रोजनचे तीन अणू जोडलेले असतात. त्यांपैकी दोन काढून त्यांच्या जागी क्लोरीनचे दोन अणू बसवले की डायक्लोरोॲसिटिक आम्ल तयार होते, आणि त्याचा क्षार म्हणजे डायक्लोरोॲसिटेट. औषध म्हणून वापरतात तो सोडियमचा क्षार पाण्यात सहज विरघळतो. रेणू अगदी लहान असल्यामुळे तो रक्तातून मेंदूत शिरू शकतो. मेंदूच्या रोगांच्या बाबतीत ही मोठी जमेची बाजू आहे, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही.

हे द्रव्य आपल्याला अगदीच परके नाही. नळाच्या पाण्याचे क्लोरीनने निर्जंतुकीकरण करताना पाण्यातील सेंद्रिय अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन जी अनेक द्रव्ये अत्यल्प प्रमाणात निर्माण होतात, त्यांपैकी हे एक. त्यामुळे औषध म्हणून गाजण्यापूर्वी ते पाण्यातील एक अशुद्धी म्हणून अभ्यासले जात होते. मोठ्या मात्रेत पाण्यावाटे दिल्यास त्याने उंदरांच्या यकृतात गाठी होतात असे आढळले आहे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद ‘माणसात कर्करोगजनक असण्याची शक्यता’ असलेल्या द्रव्यांच्या वर्गात केली आहे. एकाच द्रव्याचे नाव एका यादीत संभाव्य कारण म्हणून आणि दुसऱ्या यादीत संभाव्य उपाय म्हणून यावे, यात विसंगती नाही. मात्रा, मार्ग आणि शरीर बदलले की द्रव्याचे कार्य बदलते, ही वैद्यकातील जुनी शिकवण आहे.

वारबर्ग यांचे निरीक्षण

या द्रव्याचा कर्करोगाशी संबंध कसा आला हे समजण्यासाठी १९२० च्या दशकातील बर्लिनमध्ये जावे लागते. तेथे ओटो वारबर्ग हे जर्मन शास्त्रज्ञ पेशींच्या श्वसनाचा अभ्यास करीत होते. सामान्य पेशी साखरेचे पायरुवेट नावाच्या द्रव्यात रूपांतर करते आणि पुढे ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे पूर्ण ज्वलन करून ऊर्जा मिळवते. हे दुसरे काम पेशीतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तंतुकणिका, करतात. ऑक्सिजन कमी पडला तर पेशी अर्ध्यावरच थांबते आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. जोराने पळणाऱ्या माणसाच्या स्नायूंत असेच घडते. वारबर्ग यांना असे आढळले की गाठीतील पेशी भरपूर ऑक्सिजन मिळत असतानाही हा अर्धवट मार्गच मोठ्या प्रमाणात वापरतात. त्यांची साखरेची भूक मोठी, पण त्या साखरेचा मोठा भाग लॅक्टिक आम्ल होऊन बाहेर पडतो.

वारबर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते श्वसनाच्या विकरावरील कामासाठी. कर्करोगाविषयीचा आपला सिद्धांत त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. श्वसनयंत्रणेतील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, असे ते मानत. पुढे जनुकांतील बदलांचे ज्ञान वाढले तेव्हा हा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींच्या तंतुकणिका नष्ट झालेल्या नसतात, त्यांचे काम मंदावलेले असते. निरीक्षण मात्र खरे ठरले. आज कर्करोगाचा फैलाव पाहण्यासाठी जी पेट तपासणी करतात, ती गाठीच्या याच साखरेच्या भुकेवर आधारलेली आहे. निष्कर्ष मागे पडला आणि निरीक्षण उपयोगी पडले, असे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे.

फ्लोरिडातील पूर्वेतिहास

पायरुवेटला तंतुकणिकांत ज्वलनासाठी आत घेणारे एक विकर आहे आणि त्या विकराला बंद करणारे दुसरे विकर आहे. १९७३ मध्ये व्हाइटहाउस आणि रँडल या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की डायक्लोरोॲसिटेट पहिल्या विकराला चालना देते. हे द्रव्य त्या बंद करणाऱ्या विकराला रोखते, त्यामुळे दार उघडे राहते आणि साखरेचे पूर्ण ज्वलन वाढते. साहजिकच, ज्या रोगांत रक्तातील लॅक्टिक आम्ल धोकादायक रीतीने वाढते त्यांवर हा उपाय ठरेल अशी आशा निर्माण झाली.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे पीटर स्टॅकपूल यांनी या दिशेने अनेक वर्षे काम केले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने लॅक्टिक आम्लता झालेल्या रुग्णांना हे द्रव्य दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. रक्तातील आम्लाचे प्रमाण खाली येत होते. पण १९९२ मध्ये २५२ अत्यवस्थ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष आले. यात काही रुग्णांना औषध आणि इतरांना औषधी गुण नसलेले द्रव्य देण्यात आले होते. औषध घेतलेल्यांच्या रक्ततपासणीतील आकडे सुधारले, परंतु जगण्याचे प्रमाण वाढले नाही. रक्ताचा अहवाल सुधारणे आणि रुग्ण सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या द्रव्याच्या इतिहासात एडमंटनच्या १५ वर्षे आधीच लिहिला गेला होता.

दुसरा धडा २००६ मधील आहे. तंतुकणिकांच्या एका आनुवंशिक रोगाच्या ३० रुग्णांवर न्यूयॉर्क येथे चाचणी चालू होती. दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम अशी मात्रा होती. बऱ्याच रुग्णांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होऊ लागल्यामुळे ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. म्हणजे मथळ्यातील ‘सुरक्षित’ हा शब्द ज्या वेळी छापला गेला, त्या वेळी तो बिनशर्त खरा नाही हे वैद्यकीय वाङ्मयात आलेले होते. लहान मुलांतील दुर्मीळ रोगांत हे द्रव्य वर्षानुवर्षे दिले गेले होते हेही खरे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मात्रा सांभाळून.

एडमंटन, २००७

अल्बर्टा विद्यापीठातील गटाचे प्रमुख इव्हँजेलोस मिकेलाकिस हे मुळात कर्करोगतज्ज्ञ नव्हेत. ते हृदयविकारांचे डॉक्टर असून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढत्या दाबावर संशोधन करीत होते. त्या रोगात रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी मरायच्या तेव्हा मरत नाहीत आणि साचत जातात. पेशींच्या या हट्टी जगण्याचा तंतुकणिकांशी संबंध असल्याचे दिसल्यावर कर्कपेशींतही तसेच असेल काय, असा प्रश्न त्यांच्या गटाने घेतला.

निरोगी पेशीला निकामी होण्याची वेळ आली की ती स्वतःच स्वतःचा शेवट घडवून आणते. या आत्मनाशाची कळ तंतुकणिकांत असते. कर्कपेशीच्या तंतुकणिका मंदावलेल्या असल्यामुळे ही कळ दाबली जात नाही. २००७ च्या निबंधात फुप्फुसाच्या, स्तनाच्या आणि मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना डायक्लोरोॲसिटेट देण्यात आले. तंतुकणिकांचे काम पुन्हा सुरू झाले, त्यांच्या आवरणावरील वाढलेला विद्युतभार उतरला आणि पेशी आत्मनाशाकडे वळल्या. त्याच परिस्थितीत ठेवलेल्या निरोगी पेशींवर असा परिणाम झाला नाही. नंतर उंदरांच्या शरीरात माणसाच्या कर्कपेशींच्या गाठी वाढवून त्यांना पिण्याच्या पाण्यातून हे द्रव्य दिले असता गाठींची वाढ घटली.

येथे एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उंदरांतील या गाठी फुप्फुसाच्या कर्कपेशींच्या होत्या. मेंदूच्या गाठीच्या पेशी त्या निबंधात फक्त काचेच्या बशीत तपासल्या गेल्या होत्या. म्हणजे मेंदूच्या गाठीपुरते बोलायचे तर २००७ मध्ये पहिलीच पायरी चढून झाली होती. शिवाय पुढील काळात इतर काही प्रयोगशाळांना पेशी मारण्यासाठी द्रव्याचे प्रमाण एडमंटनपेक्षा कित्येक पटींनी वाढवावे लागले. तेवढे प्रमाण माणसाच्या रक्तात सुरक्षितपणे राखणे शक्य नसते. बशीत द्रव्य हवे तेवढे वाढवता येते, शरीरात येत नाही.

बातमी आणि बाजार

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांतील मेंदूच्या प्राथमिक गाठींपैकी सर्वांत घातक प्रकार. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिन्यांची ही वाढ त्या क्षेत्रात मोठी प्रगती मानली गेली आणि तोच उपचार जगभर रूढ झाला. ज्या घरात हा रोग शिरला आहे, त्या घरातील माणसांनी ‘स्वस्त व सुरक्षित औषध’ हे शब्द कोणत्या मनःस्थितीत वाचले असतील याची कल्पना यावरून यावी. त्यांना मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल.

परिणाम लगेच दिसला. लोकांनी रसायन विक्रेत्यांकडून हे द्रव्य मिळवून स्वतःच घेण्यास सुरुवात केली. अमेरिकेत ते ‘पाळीव प्राण्यांसाठी’ या नावाखाली विकले जाऊ लागले आणि जुलै २००७ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशी विक्री थांबवली. विद्यापीठालाही लोकांना सावध करावे लागले. घरच्या घरी घेतलेल्या या मात्रांतून कोणाला काय झाले याची शिस्तशीर नोंद राहिली नाही. त्यामुळे एवढ्या लोकांनी धोका पत्करूनही ज्ञानात भर पडली नाही. माझ्या मते या प्रकरणातील मोठी हानी हीच होय.

पाच रुग्ण

सप्टेंबर २००७ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने रुग्णांवरील चाचणीस परवानगी दिली. या कामासाठी सामान्य नागरिकांनी देणग्या दिल्या. मे २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेत काढलेल्या ४९ ग्लायोब्लास्टोमा गाठींच्या ताज्या ऊतींची तपासणी झाली. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींत जे दिसले होते ते प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठींतही दिसले, आणि डायक्लोरोॲसिटेट दिल्यावर तंतुकणिकांवरील वाढलेला भार उतरला. त्यानंतर पाच रुग्णांना हे द्रव्य तोंडावाटे, १५ महिन्यांपर्यंत, देण्यात आले.

एक रुग्ण तीन महिन्यांत दगावला. उरलेल्या चौघांची प्रकृती दीड वर्षापर्यंत स्थिर राहिली. मज्जातंतूंवरील दुष्परिणाम मात्रेनुसार दिसला आणि मात्रा उतरवल्यावर ओसरला. दर किलो वजनामागे ६.२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा या मात्रेला तो त्रास टळला. आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली. हे द्रव्य स्वतःच्या विघटनाचे विकर स्वतःच निकामी करते, म्हणून ते शरीरात हळूहळू साचते आणि रक्तात परिणामकारक प्रमाण येण्यास दोन-तीन महिने लागतात. ज्या रोगात एकूण मुदतच वर्षभराची आहे, तेथे हे तीन महिने लहान नव्हेत.

हे निष्कर्ष आशादायक होते. तथापि पाचही रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे रूढ उपचारही मिळाले होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. चौघांची प्रकृती कशामुळे स्थिर राहिली, हे पाच रुग्णांवरून सांगता येत नाही. मिकेलाकिस यांच्या निबंधाचा दावाही तेवढा नव्हता. असे औषध देता येते, ते आपल्या लक्ष्यापर्यंत पोहोचते आणि पुढील चाचण्या कराव्यात, एवढेच त्याचे सांगणे होते.

पुढील वाटचाल

२०१४ मध्ये फ्लोरिडाच्या गटाने मेंदूच्या पुन्हा उद्भवलेल्या गाठींच्या १५ रुग्णांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी प्रसिद्ध केली. द्रव्याचे विघटन काही माणसांत जलद तर काहींत मंद होते आणि हा फरक आनुवंशिक असतो. म्हणून तेथे रुग्णाच्या जनुकांनुसार मात्रा ठरवण्यात आली आणि ती सोसवली. परंतु ती चाचणी सुरक्षितता पाहण्यासाठी होती, गुण पाहण्यासाठी नव्हे. त्याच वर्षी फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगातील एक लहान चाचणी सुरुवातीलाच झालेल्या मृत्यूंमुळे बंद करण्यात आल्याचे प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये निरनिराळ्या वाढलेल्या गाठींच्या २४ रुग्णांची चाचणी आली, तिच्यात कोणाचीही गाठ आकुंचन पावली नाही. २०२२ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ४५ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. रूढ उपचारांना डायक्लोरोॲसिटेटची जोड मिळालेल्या गटात उपचारांच्या अखेरीस गाठ दिसेनाशी झालेल्यांचे प्रमाण जास्त होते, पण आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. १९९२ च्या धड्याचीच ही पुनरावृत्ती म्हणावी लागेल.

कर्करोगावरील उपचार म्हणून या द्रव्याला आजवर मान्यता मिळालेली नाही. ते निरुपयोगी आहे असेही सिद्ध झालेले नाही. निर्णय देऊ शकेल अशी मोठी तुलनात्मक चाचणी ग्लायोब्लास्टोमाच्या बाबतीत झालेलीच नाही.

कियास आणि तजरबा

पेशीत जे घडते ते माणसात घडेलच असे नाही, ही शंका आधुनिक नाही. मराठीतील ‘कर्करोग’ आणि उर्दू-अरबीतील ‘सरतान’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी खेकडाच आहे. ग्रीक वैद्यकातील कल्पना अरबीत पोहोचली तेव्हा रोगाच्या नावांबरोबर औषधांची परीक्षा कशी करावी हा प्रश्नही पुढे आला. इब्न सिना (९८०–१०३७) यांनी ‘अल्‌-कानून’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, जो मुफरद म्हणजे एकेरी औषधांवर आहे, औषधाचा गुण जाणण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक कियास म्हणजे अनुमान, दुसरा तजरबा म्हणजे अनुभव. तजरब्यासाठी त्यांनी ज्या अटी घातल्या त्यांत पुढील अटी आहेत : रोग मिश्र नसावा, औषधाचा परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा तोच दिसावा, आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी. सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला परिणाम माणसाविषयी काहीच सिद्ध करीत नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्याही आधीचे अबू बक्र अल्‌-राझी (मृत्यू सुमारे ९२५) यांच्या ‘अल्‌-हावी’ या प्रचंड संग्रहात मेंदूच्या दाहाविषयी, म्हणजे सरसामविषयी, एक नोंद आहे. त्या रोगाची पूर्वलक्षणे दिसलेल्या एका गटाचे त्यांनी रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे, निष्कर्ष काढता यावा म्हणून, मुद्दाम काढले नाही. या ग्रंथाची मुद्रित आवृत्ती हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने १९५५ पासून अनेक खंडांत काढली, ही आपल्या भागासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु अभिमानाने या नोंदीचा अर्थ फुगवू नये. रक्त काढणे हा त्या रोगावरचा उपचार नव्हे हे आज आपण जाणतो, आणि राझी यांची तुलना आजच्या अर्थाने नियंत्रित चाचणीही नव्हती. रुग्णांची गटांत वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून घेतलेली आधुनिक चाचणी १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या निमित्ताने प्रतिष्ठित झाली. राझी यांच्याकडून घेण्यासारखी आहे ती त्यांची शंका. उपचार न केलेल्यांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय उपचाराला यश देऊ नये. एडमंटनच्या पाच रुग्णांविषयी आपण हाच प्रश्न विचारतो.

स्वस्ताईचा प्रश्न

‘स्वस्त आहे म्हणून दडपले’ या आरोपाचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होणार नाही. त्यात तथ्याचा अंश आहे. जुन्या, सर्वज्ञात द्रव्यावर नव्याने पेटंट मिळत नाही. नव्या वापराचे पेटंट घेता आले तरी द्रव्य कोठेही मिळत असल्यामुळे ते राखणे कठीण. शेकडो रुग्णांच्या चाचणीचा अवाढव्य खर्च करण्यास अशा स्थितीत खासगी कंपनी सहसा पुढे येत नाही. एडमंटनला देणग्यांवर अवलंबून राहावे लागले, ते यामुळेच.

परंतु साधे आणि जुने द्रव्य कर्करोगाचे मान्य औषध होऊच शकत नाही, हे खरे नाही. प्लॅटिनमचा एक साधा संयुग पेरोने यांनी १८४५ मध्येच वर्णिला होता. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवरील प्रयोगात त्याचा गुण योगायोगाने सापडला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लाटिन या नावाने त्याला मान्यता मिळाली. सोमल, उर्दूत ज्याला संखिया म्हणतात, ते तर प्राचीन विष. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकापासून रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर ते वापरले आणि २००० मध्ये अमेरिकेनेही त्यास मान्यता दिली. या दोन्ही द्रव्यांचा गुण रुग्णांत उघड आणि ठळक दिसला, म्हणून मार्ग निघाला. डायक्लोरोॲसिटेटच्या बाबतीत तसा ठळक गुण आतापर्यंत दिसलेला नाही, आणि कमी प्रमाणातील गुण असेल तर तो शोधण्यासाठी लागणारी मोठी चाचणी करण्यास पैसा नाही. खरी अडचण या दोहोंच्या मध्ये आहे. तिला कट म्हणता येणार नाही, पण तिच्याकडे दुर्लक्षही करता येणार नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कोणालाच नफा नाही, तो प्रश्न सार्वजनिक निधीतूनच सोडवावा लागतो.

समारोप

या इतिहासातून महाविद्यालयीन शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे काय निघते? विद्यार्थी अशी बातमी घेऊन आला तर तिला हसून वाटेला लावू नये आणि मान डोलावूनही सोडून देऊ नये. त्याच्याबरोबर बसून तीन प्रश्न विचारावेत. परिणाम कशावर दिसला – पेशीवर, प्राण्यावर की माणसावर? माणसावर असेल तर किती जणांवर, आणि तुलनेला दुसरा गट होता का? सुधारले ते काय – तपासणीतील आकडा की रुग्णाचे आयुष्य? हे प्रश्न विचारण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. वाक्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद नीट वाचता आले की पुरे, आणि ते शिकवणे हे भाषेच्या अध्यापकाचेही काम आहे.

घरात रुग्ण असलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे द्रव्य बाजारातून आणून स्वतःच्या मनाने देऊ नये. मज्जातंतूंना होणारी इजा प्रत्यक्षात नोंदलेली आहे. चाचणीत सहभागी होणे शक्य असल्यास त्याविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. चाचणीत एका रुग्णाला गुण येईल किंवा न येईल, पण तेथे त्याची नोंद राहते आणि त्याच्यानंतर येणाऱ्याला ती उपयोगी पडते.

२००७ च्या मथळ्यातील ‘स्वस्त’ हा शब्द खरा होता. ‘सुरक्षित’ हा शब्द अर्धा खरा होता. ‘मारते’ हे क्रियापद बशीतील पेशींपुरते खरे होते. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांविषयीचे वाक्य अद्याप लिहिले गेलेले नाही. ते एके दिवशी होकारार्थी लिहिले जावे अशी दुआ आपण अवश्य करावी, परंतु पुराव्याच्या आधी ते लिहून टाकण्याचा अधिकार कोणत्याही वृत्तपत्राला नाही आणि आपल्यालाही नाही.